गोरोम

डोंगराच्या पायथ्याला, वाहनतळाच्या टोकाशी
माझी चहाची गाडी. एप्रिल ते ऑक्टोबर.
मसुराचं सूप, बेकन-पाव,
आणि गुडघ्यांची चौकशी फुकट.

ते येतात झुंजूमुंजू असताना,
ग्लासगोहून, लीड्सहून, कोणी थेट डेन्मार्कहून,
तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी खिशात,
एकेक नाव खोडत निघालेले.
“हाच ना तो मील... मील ना काहीतरी?”
म्यौल ना बानखाक, मी सांगते, आणि पाव उलटते.
धार काढणारणीचा डोंगर.
हसतात. जाताना पुन्हा मीलच म्हणतात.
राग नाही येत. शाळेत आम्हालाही
ही भाषा दप्तरासारखी दाराबाहेर ठेवायला लावायचे.

लाखलानमामा मेंढरांमागे चढताना
डोंगराला हात लावून लावून सांगायचा:
हे याचं नाक, हा खांदा, ही पाठीची धार,
इथे तांबडी गाय घसरली,
इथे ओइरिकनं दलदलीत लोणी पुरलं
आणि कुठे ते विसरली.
नकाशावर यातली चार नावं आहेत.
दोन चुकलेली.
मोजणीला आलेल्याला गेलिक येत नव्हती,
ज्यांना येत होती
त्यांच्या हाती कुणी पेन्सिल दिली नव्हती.

संध्याकाळी मी गाड्या मोजते.
सकाळी तेवीस गेल्या वर, तेवीस उतरायला हव्यात.
सप्टेंबरातल्या एका रात्री
एकच पिवळी गाडी उरली, काचेवर दव धरून.

बचाव पथकाचा टॉरमॉड आला. बाईचा फोन लागला,
बॅटरी चार टक्के.
“धुकं आहे. घोटा सुजलाय. कुठे आहे कळत नाही.
सगळीकडे तपकिरी हेदर, आणि एवढ्याच तुकड्यावर
गवत हिरवंगार. पडक्या दगडांचं कडं आहे, छोटंसं...”
मग फोन गेला.

मी किटली खाली ठेवली.
लाक गोरोम, म्हटलं.
टॉरमॉड नकाशावर वाकला, विजेरी दातांत धरून.
“असं काही नाही इथे. म्हणजे काय?”
निळी खळगी.
“ती हिरवी म्हणतेय, बेहाक.”
हो. गवताचं निळं.
आभाळ गोरोम, समुद्र गोरोम,
आणि जोमानं उगवलेलं गवतही गोरोमच.
ज्यांच्या घरी गाई होत्या
त्यांनी रंग तसे वाटून घेतले होते.

त्याला सगळं सांगायला वेळ नव्हता.
की उन्हाळाभर मुली गुरं घेऊन तिथे राहायच्या,
दगडाच्या झोपड्यांत, लोण्याच्या वासात,
रात्री एकीच्या घोंगडीत चौघी.
की मग जमीनदारानं मेंढ्या आणल्या
आणि माणसं जहाजात भरली.
की पावणेदोनशे वर्षं झाली,
पण त्या गाईंचं शेण
अजून मातीतून हटायचं नाव घेत नाही.
एवढंच म्हटलं: खांद्याच्या मागे जा,
ओढा दोनदा ओलांड, दुसऱ्यांदा डावीकडे.

पावणेदोनला बिनतारीवर आवाज आला.
सापडली. थंडीनं काकडलेली, पण बोलतेय.
मी एकटीच होते. सूप गरम करत बसले
आणि का कोण जाणे, मामावर चिडले,
इतकी नावं सांगितलीस, म्हटलं,
आणि मी अर्धीसुद्धा धरली नाहीत.

पथकाच्या अहवालात सहा आकडे आहेत.
नाव नाही. टॉरमॉडनं विचारलं होतं, कसं लिहायचं,
मी पावतीच्या मागे लिहून दिलं.
पावती भिजली असणार.

मे महिन्यात ती पिवळी गाडी पुन्हा आली.
बाईच्या हातात दोन काठ्या, घोट्याला पट्टा.
शिखराकडे बोट दाखवून म्हणाली,
“मीलवर आज नाही जाणार.”
मी पाव उलटला.
“फक्त लाक गोरोमपर्यंत,” ती म्हणाली.
उच्चार अगदी लाखलानमामाचा.
चहात साखर किती,
हे मी तिला दोनदा विचारलं.